आधी पाय

कवडूमामा, ती पाटी तुमच्यासाठीही होती.
खडूनं मीच लिहिलेली. शिंतोडे उडून उडून शेवटचा शब्द गेला,
आता नुसतंच वाचता येतं: आधी पाय.
घमेल्यात चुना होता, बाजूला गमबूट,
नऊ नंबरचे, तुम्हाला सैल झाले असते.

तुमच्या डुकरांना परवापासून ताप,
हे तुम्हीच फोनवर सांगितलंत
आणि त्याच चपलांनी आलात,
हातात सांबारवडीचा डबा.
"सोयऱ्याले फाटकात उभं करतं काऊन वं पोरी?
गावानं आपल्याले वेशीबाहेर ठेवलं,
आता तू बी?"
आतल्या माद्या उठून बसल्या.

मला उत्तर सुचलं नाही.
होती ती एक वही.

मागच्या उन्हाळ्यात पिवळ्या पुड्या: त्रेचाळीस.
हिंगण्याचा चकोले दुकानदार
मला बघूनच पुडकं काढून ठेवायचा.
पिल्लू खोकलं, पुडी. पिल्लू हगलं, पुडी.
कुणाला काही झालं नाही, तरी सोमवारी पुडी,
उपास धरल्यासारखी.
सावजी खानावळीचं उष्टं ड्रममध्ये,
वरून हळदीसारखी ती पूड,
बाबा हातानंच ढवळायचे
आणि हात सदऱ्याला पुसायचे.

मग बाबांच्या टाचेत खिळा गेला.
मेडिकलमध्ये सव्वीस दिवस.
एका कागदावर औषधांची रांग, प्रत्येकापुढे आर, आर, आर.
डॉक्टरीणबाई म्हणाली, म्हणजे हे चालत नाही.
हेही नाही.
चौथं नाव मी ओळखलं, पुडीवर तेच छापलेलं असतं.
कुठून आलं हे कुणी सांगू शकत नाही, ती म्हणाली.
मीही सांगत नाही.
ते नऊ नंबरचे बूट बाबांचे.
उजवा अजून नवाच दिसतो.

लस मी स्वतः आणली, सेमिनरी हिल्सवरून गुमगावपर्यंत,
निखाडे डॉक्टरांच्या गाडीवर मागे बसून,
सत्तेचाळीस डिग्रीत
बर्फाचा डबा ओल्या गोणपाटात, मांडीवर, तान्ह्यासारखा.
कानामागे सुई गेली तेव्हा पहिलं पिल्लू असं किंचाळलं
की वेणेपलीकडची कुत्री भुंकली.
काटोलहून आलेली मादी एकवीस दिवस वेगळ्या खोपटात,
सुतकाहूनही लांब.
उष्टं आता उकळल्याशिवाय आत जात नाही,
सरपण दुप्पट लागतं, डोळे चुरचुरतात.

यंदाच्या पानावर पुड्या: चार.
चारही एकाच पिल्लाच्या, त्याचा पाय सुजला होता.
डॉक्टरांनी वजन करून लिहून दिल्या,
आणि त्यांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत
ते पिल्लू मी बाजार दाखवला नाही.
बाकी ओळी कोऱ्या.
कोऱ्या ओळींची भीती वाटते, मामा.
रात्री दोनदा बॅटरी घेऊन उठते,
कुणी खोकतंय का, कान देऊन उभी राहते.

आणि वेशीचं म्हणाल,
तर ती त्यांनी माणूस बघून आखली होती.
चुना माणूस बघत नाही.
सरपंचाला सांगितलं, आधी पाय.
कचेरीतला साहेब आला, त्यालाही.
त्यानं निमूट मोजे काढले, भोकाचे निघाले,
तेव्हा खोटं कशाला बोलू,
मला फार बरं वाटलं.

तुम्ही डबा फाटकावर ठेवून गेलात.
सांबारवडी बाबांनी गारच खाल्ली,
तिखट कमी आहे म्हणाले.

आज सकाळी तुमचा दिनू
रस्त्यापलीकडेच थांबून ओरडला,
"ताई, बाबा विचारून राहिले,
घमेल्यात चुना किती टाकाचा?"
मी सांगितलं. मधून रेतीचा ट्रक गेला.
"काय?"
पुन्हा सांगितलं.